ग्रास कटरची नायलॉन दोरी हेडमधून नेमकी कशी बाहेर येते, आणि आपल्या मातीत ती का अडकते?

जांभ्याची_माती
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमची काजूची बाग आणि थोडी भातशेती आहे. मृगाचा पाऊस लागला की बागेत बघता बघता गुडघाभर गवत वाढते. मजूर वेळेवर मिळत नाहीत, म्हणून खांद्याला अडकवायचा ३५ सीसीचा फोर स्ट्रोक ब्रश कटर घेतला आहे. झाडांच्या बुंध्याजवळ आणि दगडगोट्यांच्या जागी पाते चालवता येत नाही, त्यामुळे तिथे नायलॉन दोरीचे हेड लावतो. हे हेड खाली आपटले की दोरी पुढे सरकते, अशा प्रकारचे आहे.

नवी दोरी भरली की सुरुवातीला सगळे व्यवस्थित चालते. नंतर मात्र कितीही आपटले तरी दोरी येत नाही. हेड उघडून पाहावे तर कधी दोरीचे टोक आत ओढले गेलेले असते, कधी दोरीचे दोन फेरे एकमेकांना चिकटलेले असतात. दुकानदाराने सांगितले, "जोरात आपटा." मला हे उत्तर पटत नाही, कारण जोराने आपटल्यावर खालचे बटण झिजते आणि दोरी मात्र जागची हलत नाही. ज्यांनी हे हेड खोलून अभ्यासले आहे, त्यांनी कृपया सांगावे की दोरी बाहेर येण्याची क्रिया प्रत्यक्षात कशी घडते आणि आपल्याकडच्या मातीला कोणत्या प्रकारचे हेड सोयीचे पडते. नुसता उपाय नको आहे, कारणासकट समजून घ्यायचे आहे.

उद्यमबागकर
प्रश्न चांगला आहे. आमच्या लेथच्या दुकानात दर पावसाळ्यात अशी हेडे दुरुस्तीला येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हेडचे मुख्य भाग चार: बाहेरची डबी, आतले रीळ, स्प्रिंग आणि खालचे बटण. रिळावर आणि डबीच्या आतल्या बाजूला दाते असतात. स्प्रिंग रिळाला खाली रेटून धरते, त्यामुळे रिळाचे दाते डबीच्या दात्यांत अडकतात आणि दोन्ही एकत्र फिरतात. यंत्र चालू असताना बटण जमिनीवर टेकवले की रीळ स्प्रिंगच्या विरुद्ध वर सरकते आणि दाते सुटतात. त्याच क्षणी बाहेर लोंबणारी दोरी गतीमुळे बाहेर खेचली जात असते, ती रिळाला थोडे फिरवते आणि तेवढी दोरी पुढे येते. हेड उचलले की स्प्रिंग रिळाला पुन्हा खाली ढकलते आणि दाते पुढच्या जागी अडकतात. पुष्कळ हेडमध्ये दात्यांच्या दोन रांगा असतात, एक वरची आणि एक खालची, आणि त्या एकमेकींपासून अर्ध्या टप्प्याने सरकवलेल्या असतात. त्यामुळे बटण दाबून धरले तरी रीळ मोकाट फिरत नाही. दाबताना अर्धा टप्पा आणि सोडताना उरलेला अर्धा, असे ते पुढे जाते. जास्तीची दोरी गार्डच्या कडेला बसवलेली छोटी पाती कापून टाकते.

आता मुख्य मुद्दा. दोरी बाहेर काढण्याचे काम आपटण्याने होत नाही. आपटल्याने फक्त कुलूप उघडते, ओढण्याचे काम दोरी स्वतः करते. म्हणून जोरात आपटण्याचा सल्ला निरुपयोगी आहे. ओढ कमी पडत असेल किंवा आत दोरी अडकली असेल, तर कुलूप कितीही उघडा, काही बाहेर येणार नाही.

घटप्रभा
इतक्या भानगडीपेक्षा ठरावीक लांबीचे तुकडे अडकवायचे साधे हेड घ्यावे. त्यात रीळही नाही आणि स्प्रिंगही नाही.

शिक्षक_हुक्केरी
उद्यमबागकरांनी सांगितलेली ओढ किती असते याचा हिशेब मांडतो. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो आणि हे उदाहरण मुलांनाही देतो, कारण गोफण फिरवताना हाताला जो ओढा जाणवतो तोच इथे दोरीत असतो.

हेड मिनिटाला ७००० फेरे फिरते असे धरू. हेडची त्रिज्या ५ सेंटीमीटर आणि बाहेर आलेली दोरी १५ सेंटीमीटर, म्हणजे दोरीचे टोक मध्यापासून २० सेंटीमीटरवर आहे. त्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १४६ मीटर येतो, म्हणजे ताशी सव्वापाचशे किलोमीटरच्या आसपास. गवताच्या काडीला वाकायला सवडच मिळत नाही, ती तुटते. एरवी मऊ असलेली नायलॉनची दोरी पात्यासारखे काम करते ती या वेगामुळे.

आता ओढ पाहू. २.४ मिलिमीटर जाडीच्या १५ सेंटीमीटर दोरीचे वजन जेमतेम पाऊण ग्रॅम भरते. तरीही या वेगाला ती रिळाला सुमारे ५ किलो वजनाएवढ्या जोराने खेचते. हीच दोरी झिजून ५ सेंटीमीटर उरली, की दोन गोष्टी एकदम घडतात: दोरीचे वजन एक-तृतीयांश होते आणि तिचा मध्यबिंदूही आत येतो. परिणामी ओढ सुमारे १ किलोवर येते. त्यात यंत्राची रेस अर्ध्यावर असेल तर ओढ आणखी चौपट घटते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. पाव किलोच्या ओढीने मातीने माखलेले रीळ फिरेल अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे.

यावरून दोन नियम निघतात. बटण टेकवताना रेस पूर्ण हवी, आणि दोरी फार आखूड होण्याआधीच टेकवायला हवे. बोटभर दोरी उरेपर्यंत थांबलो तर यंत्र बंद करून, बटण दाबून धरून ती हातानेच ओढावी लागते.

जांभ्याची_माती
सर, मनःपूर्वक आभार. आमचा गडी बटण टेकवण्याआधी रेस कमी करतो, कारण त्याला ते सुरक्षित वाटते. आता त्याला कारणासह सांगता येईल. घटप्रभा, तुमच्या सूचनेवरही विचार करतो. पण तुकड्यांचे हेड लावले तर दर थोड्या वेळाने यंत्र थांबवून तुकडे बदलावे लागणार नाहीत का?

घटप्रभा
लागतात, नाकारत नाही. परंतु आमच्या ऊसपट्ट्यात बांधावरचे गवत जाड आणि राठ असते. तिथे ३ मिलिमीटरचे, क्वचित ३.३ मिलिमीटरचे तुकडे मी वापरतो. रिळाच्या हेडमध्ये एवढी जाड दोरी थोडीच मावते आणि सारखी भरत बसावी लागते. तुकडे आधीच कापून खिशात ठेवले की बदलायला वेळ लागत नाही, आणि बांधावर हेड खोलून स्प्रिंग हरवण्याची भीती राहत नाही. ज्याला एका जागी सलग काम करायचे आहे त्याने रिळाचे घ्यावे. माझे काम तुटक असते.

येळ्ळूरवासी
आमच्याकडचा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहितो. आषाढात भाताचे बांध इतके मऊ होतात की बटण टेकवले तर ते मातीत रुतते आणि आत सरकतच नाही. वरून चिखल बटणाच्या भोवती शिरतो आणि वाळल्यावर रीळ जाम होते. आम्ही यावर साधी व्यवस्था ठेवली आहे. बांधाच्या सुरुवातीला पायवाटेची घट्ट जागा असते, तिथे येऊन बटण टेकवायचे आणि मगच पुढे जायचे. सिमेंटच्या कट्ट्यावर किंवा पाटाच्या काँक्रीटवर मात्र कधीही टेकवू नये. बटण झपाट्याने झिजते, आणि ते पार झिजले की आतली स्प्रिंगच उघडी पडते. संध्याकाळी हेड खोलून रीळ, स्प्रिंग आणि डबी पाण्याने धुवून कोरडी करायची. तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण माती त्यालाच धरून बसते.

उद्यमबागकर
येळ्ळूरवासींच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. ग्रीस भरलेली हेडे आमच्याकडे येतात तेव्हा आत मातीचा लगदा झालेला असतो.

आणखी एक सांगतो, कारण हेड काढताना नट तोडून आणणारेही पुष्कळ आहेत. सरळ दांड्याच्या आणि खाली गिअरपेटी असलेल्या बहुतेक यंत्रांना हेड बसवण्यासाठी उलटे आटे असतात, बहुधा १० मिलिमीटर व्यासाचे आणि १.२५ मिलिमीटर अंतराचे. म्हणजे काढताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचे. आधी गिअरपेटीच्या छिद्रात पिन घालून दांडा अडकवावा, आणि त्याहीआधी स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी. बॅटरीचे यंत्र असेल तर बॅटरी काढावी.

काजूबाग
दोरीचे फेरे एकमेकांना चिकटतात, या मूळ तक्रारीवर अजून कोणी लिहिले नाही. आमच्या घरी रीळ भरण्याचे काम माझ्याकडेच असते, म्हणून त्याबद्दल लिहिते.

नायलॉन उष्णतेने वितळते. नायलॉन ६ या प्रकाराला त्यासाठी सुमारे २२० अंश सेल्सिअस पुरतात. दोरी दगडावर किंवा कुंपणाच्या तारेवर आदळली की प्रत्येक धक्का आत रिळापर्यंत पोहोचतो. फेरे सैल असतील तर ते एकमेकांवर घासतात, त्या घर्षणाने जागच्या जागी मऊ होतात आणि थंड होताना जोडले जातात. तिथे दोरी सुटायची थांबते. म्हणजे मूळ दोष बहुधा भरण्यात असतो, दोरीत कमी वेळा.

माझी पद्धत अशी आहे. दोरीचा लांब तुकडा घेऊन मधोमध दुमडते आणि ती घडी रिळाच्या मधल्या भिंतीच्या खाचेत बसवते. रिळावर बाणाची खूण असते, त्या दिशेनेच दोन्ही बाजू गुंडाळते. एका फेऱ्यावर दुसरा फेरा आडवा जाऊ देत नाही. शेजारी शेजारी, ताणून, विहिरीच्या रहाटाला दोर गुंडाळावा तसे थर चढवते. रिळाच्या कडेपर्यंत भरत नाही, काही मिलिमीटर जागा रिकामी ठेवते, कारण दोरी कडेला टेकली तर ती डबीला घासून रीळ फिरू देत नाही. शेवटी दोन्ही टोके कडेच्या खाचांत तात्पुरती अडकवून, डबीच्या छिद्रांतून ओवून, हेड बंद केल्यावर एकदम ओढून खाचांतून सोडवते. मग बटण दाबून दोन्ही टोके हाताने ओढून पाहते. हाताने येत नसेल तर यंत्रावरही येणार नाही.

बाणाच्या उलट दिशेने गुंडाळले तर काय होते, असे एकीने विचारले होते. रिळाचे दाते एकाच दिशेने टप्पा घेण्यासाठी उतरते केलेले असतात. दिशा उलटी झाली की ओढ दात्याच्या सपाट बाजूवर येते आणि रीळ अडून राहते.

मार्कंडेय_खोरे
ताई, दोरी भरण्याआधी पाण्यात भिजत घालावी असे ऐकले आहे. त्यात तथ्य आहे की नुसती समजूत?

काजूबाग
तथ्य आहे. नायलॉन हवेतला ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे लवचिक राहते. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर टांगलेली दोरी कोरडी पडून ठिसूळ होते. अशी दोरी दगडाला लागताच छिद्राच्या तोंडाशी तुटते आणि उरलेले टोक आत जाते. रात्रभर पाण्यात ठेवून, पुसून मग भरावी. अगदी जुनी, पांढुरकी झालेली दोरी मात्र भिजवूनही सुधारत नाही.

निपाणीकर
माझ्याकडे घराभोवतीच्या जागेसाठी विजेचे हलके यंत्र आहे, १.६ मिलिमीटर दोरीचे. त्याला आपटावे लागत नाही, दोरी आपोआप येते. पण ती इतक्या लवकर संपते की मला शंका येते. यात आत काय रचना असते?

शिक्षक_हुक्केरी
आपोआप दोरी देणाऱ्या हेडचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात गतीवर लक्ष ठेवले जाते. दोरी लांब असते तेव्हा हवेचा आणि गवताचा अडथळा मोठा, म्हणून फेरे मर्यादित राहतात. दोरी झिजली की अडथळा घटतो आणि फेरे वाढतात. हेडमध्ये स्प्रिंगने आत धरलेला एक सरकता तुकडा असतो. फेरे वाढले की तो स्प्रिंगला न जुमानता बाहेर सरकतो, रिळाला एक टप्पा सोडतो, दोरी लांबते, फेरे पुन्हा घटतात आणि तुकडा मागे येतो. माणसाने काहीही न करता लांबी आपली आपण राखली जाते. मला ही रचना फार सुंदर वाटते, कारण जी गोष्ट दुरुस्त करायची आहे तिच्याच परिणामाकडून ती दुरुस्त करून घेतली आहे.

दुसऱ्या प्रकारात यंत्र थांबून पुन्हा सुरू झाले की एक टप्पा सुटतो. निपाणीकर, आपले यंत्र बहुधा या प्रकारचे असावे. आपण काम करताना ट्रिगर सारखा सोडता-दाबता का? तसे असेल तर दर वेळी थोडी दोरी बाहेर येते आणि गार्डची पाती ती कापते. न झिजलेली दोरी तुकड्यातुकड्याने वाया जाते.

निपाणीकर
सर, अगदी बरोबर ओळखलेत. कुंड्यांच्या मध्ये फिरताना मी सतत ट्रिगर सोडतो. सुरू करताना पातीवर टक् असा आवाजही येतो. आता एका दमात जमेल तेवढे काम करून पाहतो.

घटप्रभा
सर, हे दोरीने गवत कापण्याचे यंत्र मुळात सुचले तरी कोणाला? थोडे सांगावे.

शिक्षक_हुक्केरी
अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातील ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांना, १९७१ साली. गाडी धुण्याच्या स्वयंचलित केंद्रात फिरणाऱ्या ब्रशांचे तंतू गाडीच्या रंगाला इजा न करता कानाकोपऱ्यात पोहोचतात, हे पाहून झाडाच्या बुंध्याभोवतीचे गवत तसेच काढता येईल, असे त्यांना वाटले. पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला भोके पाडून, त्यातून दोरी ओवून त्यांनी पहिला प्रयोग केला. 'वीड ईटर' या नावाने ते यंत्र पुढे बाजारात आले. म्हणजे जांभ्याची_माती यांची बुंध्याजवळची अडचण हेच या यंत्राचे मूळ प्रयोजन आहे.

येळ्ळूरवासी
बुंध्यावरून आठवले. दोरीने साल निघत नाही असा समज करून घेऊ नये. लहान काजूच्या किंवा आंब्याच्या रोपाची साल दोरी सभोवार सोलून काढते आणि रोप वाळते. पाच-सहा इंचांतले गवत विळ्यानेच काढावे. उसात ठिबकच्या नळ्या असतील तर तिथेही दोरी आखूड ठेवून काम करावे.

काजूबाग
आणि जनावरांना घालायचे गवत दोरीने कापू नये. दोरी झिजते म्हणजे तिचे बारीक तुकडे गवतातच पडतात. वैरणीसाठी पाते लावावे किंवा विळा वापरावा. हे मी कळकळीने सांगते, कारण आमच्या भागात बांधावरचे गवत सरळ गोठ्यात जाते.

उद्यमबागकर
लांबीचा विषय निघालाच आहे तर गार्डबद्दल लिहितो. कित्येक जण अडचण होते म्हणून गार्ड काढून ठेवतात. त्यामुळे दगड अंगावर उडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण दोरीची लांबी कापणारी पातीही गार्डबरोबर जाते. मग दोरी हवी तेवढी लांब येते, इंजिनावर भार पडतो, फेरे उतरतात, क्लच घसरून तापतो. फेरे उतरले की सरांच्या हिशेबाप्रमाणे ओढही घटते. हेड बिघडले म्हणून आमच्याकडे आणलेल्या काही यंत्रांत हेड ठणठणीत असते, फक्त गार्ड जागेवर नसते.

रीळ संपत आले की दर टप्प्याला दोरी कमी का येते, हेही काही जण विचारतात. टप्पा तेवढाच असतो, पण भरलेल्या रिळाचा घेर मोठा आणि रिकाम्या रिळाचा लहान असतो. घेर निम्मा झाला की त्याच टप्प्यात निम्मीच दोरी सुटते. हा बिघाड समजू नये, दोनदा टेकवावे.

जांभ्याची_माती
सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. रविवारी हेड पूर्ण खोलले. धुतल्यावर पाण्याबरोबर जांभ्याचा तांबडा रवा बराच निघाला. तो रिळाच्या दात्यांत आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बसला होता. ताईंच्या पद्धतीने २.४ मिलिमीटरची गोल दोरी भिजवून भरली आणि गड्याला पूर्ण रेसवर टेकवायला सांगितले. दुपारपर्यंत दोरी नीट येत होती. नंतर एका बाजूचीच येऊ लागली, दुसरी बाजू आखूड राहिली. हेड हलू लागल्याचे हाताला जाणवते. याचे कारण काय असावे?

उद्यमबागकर
ज्या छिद्रातून ती बाजू बाहेर येते, तिथली धातूची कडी नखाने चाचपून पाहा. दोरी रोज एकाच जागी घासल्याने तिथे खोबण पडते. खोबणीच्या धारेवर दोरी अडते किंवा तिथेच कापली जाते. रिळावर दोन्ही बाजू एकत्र सुटतात, म्हणून आखूड बाजू बहुधा तोंडाशी तुटलेली असते.

जांभ्याची_माती
पाहिली. एका कडीला खोल खोबण आहे, नख अडकते. दुसरी गुळगुळीत आहे.

उद्यमबागकर
मग दोष तिथेच आहे. तुमच्या हेडची कडी सुटी असेल तर ती अर्धा फेरा फिरवून बसवा, म्हणजे न झिजलेली बाजू दोरीसमोर येईल. फिरत नसेल तर नवी घ्या. फार महाग नसते. जांभ्याच्या रव्यात कड्या लवकर झिजतात, म्हणून खानापूरकडच्या मंडळींनी एक जोडी जास्तीची ठेवावी. दगड अधिक असलेल्या जागी घटप्रभांचे तुकड्यांचे हेड आणि मोकळ्या बागेत रिळाचे, अशी दोन्ही हेडे ठेवलीत तर तुमचे काम भागेल. आपोआप दोरी देणारे हेड एवढ्या मोठ्या इंजिनाला आणि राठ गवताला मी सुचवणार नाही. ते अंगणातल्या हलक्या यंत्रासाठी ठीक आहे.

जांभ्याची_माती
कडी सुटी होती. फिरवून बसवली आहे आणि दोन्ही बाजू आता सारख्या येत आहेत. जास्तीची जोडी आणि तुकड्यांचे हेड येत्या शनिवारी बाजारच्या दिवशी बेळगावातून आणतो.